वाड्याचा साग, देशावरची हवा आणि शिडाची होडी

अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून घडवलेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेल्या फळ्यांचे शिडाचे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. तेव्हापासून लाकडी होडी स्वतः बांधू पाहणाऱ्या पुणेकरांची पत्रे वाढली आहेत. त्यांपैकी सहा प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. सगळे मुद्दे एका ठिकाणी येऊन मिळतात : लाकूड पाणी पिते आणि सोडते, आणि पुण्याची हवा कोकणासारखी नाही.

प्रश्न : आमचा वाडा उतरवला तेव्हा सागाच्या सहा तुळया (प्रत्येकी सुमारे १० फूट, ६ × ८ इंच) आणि सात फुटी चार खांब ठेवून घेतले. यात १६ फुटी शिडाची होडी होईल का? इतके जुने लाकूड पाण्यात टिकेल का? (वाचक, कसबा पेठ)

टिकण्याची काळजी करू नका. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागात बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. साग नुसता जुना झाला म्हणून कमजोर होत नाही. तो कुजतो तो भिंतीत ओल धरलेल्या टोकांशी. प्रत्येक तुळईची दोन्ही टोके पटाशीने टोचून पाहा. पटाशी लोण्यात गेल्यासारखी शिरली किंवा हातोडी मारल्यावर भद्द आवाज आला, तर खणखणीत आवाज येईपर्यंत टोक कापून टाका. दोन्हीकडून मिळून फूट-दीड फूट जाईल असे धरून चाला.

आता हिशोब. तुळया २० घनफूट आणि खांब सुमारे ७. टोके, खाचा, कुसवांची (जोडाच्या खुंटांची) भोके, चिरा आणि बाहेरची पांढरी कड काढली की साधारण ६० टक्के, म्हणजे १६ घनफूट हाती राहते. १६ फूट लांब, साडेपाच फूट रुंद होडीची बाहेरची त्वचा सुमारे १०५ चौरस फूट भरते. पाऊण इंची फळी धरली तर साडेसहा घनफूट. पण होडीची फळी सरळ नसते, ती केळीच्या सालीसारखी वळणाने कापावी लागते, म्हणून १० घनफूट राखून ठेवा. पठाण (तळाचा कणा) सव्वादोन, नाळेचा (पुढच्या टोकाचा) आणि मागचा उभा खांब मिळून एक, बसायच्या आडव्या फळ्या आणि काठ दोन. बेरीज १५ च्या वर जाते. जेमतेम पुरेल, चुकायला जागा नाही. फासळ्यांसाठी हा साग वापरू नका, त्याबद्दल पुढे येईलच.

तुमच्या तुळया १० फुटी, तेव्हा पठाण दोन तुकड्यांत होईल. त्याचा तिरपा सांधा उंचीच्या आठपट लांब हवा. ५ इंच उंचीच्या पठाणाला ४० इंच. फळ्या चिकटवून जोडायच्या तर १८ मिलिमीटर फळीला बारापट, म्हणजे २१६ मिलिमीटर तिरपा उतार द्या. शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे एकमेकांपासून किमान चार फूट लांब ठेवा. साग तेलकट असल्याने गोंद धरत नाही. गोंद लावायच्या अगदी आधी सांधा ॲसिटोनने पुसा. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही, तेल परत वर येते.

कापायला देण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवा. वाड्याच्या लाकडात खिळे, कड्या, दिव्याच्या खुंट्यांची तुटलेली टोके आत राहिलेली असतात. एक खिळा पाते मोडतो, म्हणून अनेक सॉ मिल जुने लाकूड घेतच नाहीत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये विचारताना ‘खिळे तपासून आणले आहेत’ हे आधी सांगा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फळी कशी कापायची ते. ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत साग वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आक्रसतो, तर गाभ्याकडून सालीच्या दिशेने २.५ टक्केच. म्हणून फळीच्या टोकाकडून पाहिले की वलयाच्या रेषा उभ्या दिसतील अशी कापून घ्या. आडव्या वलयांची फळी दुपटीहून जास्त हलते आणि वाटीसारखी वळते. बरोबर मध्यातली गाभ्याची नाभी काढूनच टाका, ती हमखास चिरते.

फासळ्यांना बाभूळ घ्या. कोकणातल्या सुताराला जे वाकडे लाकूड शोधत फिरावे लागते, ते देशावर बांधाबांधावर आहे. बैलगाडीची चाके आणि नांगर आपल्याकडे बाभळीचेच होत आले. फांदीचे नैसर्गिक वळण आणि फासळीचे वळण जुळले पाहिजे, म्हणजे रेषा तुटत नाहीत. सरळ फळीतून वाकडी फासळी कापली की वळणावर रेषा आडव्या येतात आणि पहिल्या धक्क्याला ती तिथेच मोडते. १५ इंचांच्या अंतराने १२ फासळ्या, प्रत्येकी तीन तुकडे, जाडी दीड × अडीच इंच. पुठ्ठ्याचे फरमे घेऊन वखारीत जा आणि फांद्या फरम्यावर ठेवूनच निवडा. प्रत्येक फासळीखाली पठाणाजवळ बोटभर खाच ठेवा, नाहीतर पाणी कप्प्याकप्प्यात अडकते आणि उपसता येत नाही.

प्रश्न : मी १४ फुटी सागाची होडी फेब्रुवारी ते मे या काळात बांधली. मेअखेर फळ्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फटी दिसू लागल्या. पाण्यात टाकली तर तासाभरात भरली. फटींत इपॉक्सी (वाळल्यावर कडक होणारा गोंद) भरून टाकू का? (वाचक, वारजे)

नाही. आणि कृपया कोणाच्या सांगण्यावरूनही भरू नका.

तुमच्या कामात दोष असेलच असे नाही, दोष महिन्यांचा आहे. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि उघडी फळी आतून ७-८ टक्के ओलाव्यापर्यंत सुकते. पाण्यात गेल्यावर तीच फळी १६ टक्क्यांच्या वर जाते. १५० मिलिमीटर रुंद, आडव्या वलयांची फळी या आठ टक्क्यांच्या फरकाने सव्वादोन मिलिमीटर फुगते. उभ्या वलयांची एक मिलिमीटरच. एका बाजूला आठ फळ्या असतील तर पहिल्या प्रकारात एकूण १८ मिलिमीटर फुगवटा झाला. तुम्हाला दिसणाऱ्या फटी म्हणजे याच फुगवट्यासाठी राहिलेली जागा आहे.

ती जागा कडक इपॉक्सीने भरली तर पाण्यात फळ्या फुगायला जातील आणि त्यांना कुठे सरकता येणार नाही. मग दोनपैकी एक होते. फासळ्या तडकतात किंवा खिळ्यांची डोकी फळीत ओढली जातात. किंवा फळ्यांच्या कडा चिरडतात. हे दुसरे जास्त घातक, कारण ते दिसत नाही. चिरडलेली कड सुकल्यावर मूळ रुंदीला परत येत नाही, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात फट आणखी मोठी. मग पुन्हा इपॉक्सी. चार वर्षांत होडी हातची जाते.

करायचे ते असे. होडी सावलीत, पठाणाखाली तीन आणि कुशीला दोन-दोन आधार देऊन ठेवा. आतून-बाहेरून गोणपाट अंथरा आणि सकाळ-संध्याकाळ भिजवा, आठ ते दहा दिवस. आत बादल्याच्या बादल्या ओतून होडी भरू नका. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि जमिनीवर त्याला पेलणारे बाहेरचे पाणी नसते, त्या वजनाने तळ फाकतो. फटी केसाएवढ्या झाल्या की काठाजवळ गुडघाभर पाण्यात दोरांनी बांधून सोडा. ती अर्धी भरेल, भरू द्या. दोन ते चार दिवसांनी उपसून पाहा. तरीही एखादा सांधा वाहत असेल तर तेवढ्याच सांध्यात कापूस भरायचा.

कापूस भरण्याची फट बाहेरून ३ मिलिमीटर आणि आतल्या तोंडाशी शून्य, अशी पाचरीसारखी हवी. आरपार सरळ फट असेल तर ठोकलेला कापूस आत निघून जातो. पिळलेली कापसाची वात बोथट छिन्नीने बसवा. फळीच्या जाडीचा बाहेरचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेवून त्यावर राळ आणि तेलाचे लुकण भरा. लुकणाची परीक्षा सोपी आहे. गरम मिश्रणाचा थेंब गार पाण्यात टाका. दुमडल्यावर काचेसारखा तुटला तर तेल वाढवा, अंगठ्याला चिकटला तर राळ वाढवा. राळ उघड्या ज्योतीवर वितळवू नका, भांडे वाळूच्या थाळीत ठेवा. वात जोर लावून कोंबण्याचा मोह आवरा. सुक्या होडीत घट्ट ठोकलेला कापूस फुगल्यावर इपॉक्सीसारखेच काम करतो.

पुढची होडी बांधाल तेव्हा फासळ्या आणि पठाण उन्हाळ्यात करा आणि फळ्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये चढवा. छपराखालचे लाकूड तेव्हा १३-१५ टक्क्यांवर असते. मॉइश्चर मीटर नसेल तर फळीच्या मधल्या भागातला तुकडा कापून वजन करा, ओव्हनमध्ये १०३ अंशांना वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवा. १०० ग्रॅमचा ८८ ग्रॅम झाला तर ओलावा १२ भागिले ८८, म्हणजे साडेतेरा टक्के. फळी चढवायला हीच वेळ.

प्रश्न : फटींची कटकटच नको म्हणून लाकडी होडीवर बाहेरून फायबरग्लास चढवला तर? (वाचक, सिंहगड रस्ता)

फळ्याफळ्यांच्या होडीवर नको. खाली फळ्या हलत राहतात आणि वरचा पापुद्रा सांध्यासांध्यावर चिरतो. त्या चिरेतून आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही आणि लाकूड झाकल्या जागी कुजते. फायबरच हवा असेल तर सुरुवातीपासून मरीन प्लायची (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडची) होडी बांधा. तीही चांगली होडी आहे.

प्रश्न : खिळे कोणते वापरावेत? दुकानदार स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या म्हणतो. होडी खडकवासल्याच्या पाण्यातही चालवायची आहे आणि कधीतरी कोकणातही. (वाचक, भोसरी)

पाण्याच्या रेषेच्या खाली स्टेनलेस वापरू नका. त्याचा चकचकीतपणा हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो. ओल्या लाकडाच्या आत ऑक्सिजन पोचत नाही आणि डोके चकचकीत असताना आतली दांडी खड्डे पडून झिजते. पितळही खाऱ्या पाण्यात नको, त्यातले जस्त निघून जाते आणि मागे ठिसूळ, गुलाबी तांबे उरते.

तांब्याचा चौकोनी खिळा आणि त्यावर तांब्याची वाटीदार चकती, ही जोडी घ्या. पाऊण इंची फळी आणि दीड इंची फासळी म्हणजे सव्वादोन इंच लाकूड, त्याला अडीच इंची खिळा. आधी खिळ्यापेक्षा थोडे बारीक भोक पाडा, नाहीतर बाभूळ चिरते. खिळा ठोकून आतल्या बाजूला चकती बसवा, चकतीबाहेर दीड-दोन मिलिमीटर टोक ठेवून कापा आणि हलक्या हातोडीने गोल मिटवा. ठोकताना बाहेरच्या डोक्यावर जोडीदाराने जड लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. हे दोघांचे काम आहे, एकट्याने केले तर खिळा आतल्या आत वाकतो. चकत्या तयार मिळाल्या नाहीत तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत नमुना दाखवून विचारा. तांब्याच्या पत्र्याला वाटीचा आकार देणे हे तिथल्या हातांचे रोजचे काम.

तांबे वापरले तर त्याला टेकून लोखंड नको. खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी होते आणि लोखंड जाते. सुकाणूच्या बिजागऱ्या म्हणूनच ब्राँझच्या घ्या.

खडकवासल्यासाठी एक गोष्ट. लाकूड पोखरणारा समुद्री किडा गोड्या पाण्यात नसतो, तेव्हा धरणावर विषारी रंग लावायचे कारण नाही, ते पुण्याचे पिण्याचे पाणी आहे. मात्र होडी उतरवण्याआधी जलसंपदा विभागाची लेखी परवानगी घ्या. कोकणात नेताना तळाला काजूच्या टरफलांचे तेल देण्याची पद्धत चांगली आहे, पण हातमोजे घाला. ते अंगावर उडाले तर कातडी भाजल्यासारखी सोलते. आणि होडी कुजते ती बहुधा पावसाच्या पाण्याने, समुद्राच्या नव्हे. पावसाळ्यात ती झाकायची तर दोन्ही टोकांनी वारा खेळता ठेवूनच. ताडपत्री गच्च आवळून बांधली की आत कुजण्याची भट्टीच तयार होते.

प्रश्न : १६ फुटी होडीला कोकणी पद्धतीचे तिरके शीड लावायचे आहे. कापड आणि काठ्या कशा घ्याव्यात? (वाचक, हडपसर)

दहा-अकरा चौरस मीटर शीड पुरे. कापड सुती कॅनव्हासचे घ्या, साधा मांजरपाट फार ताणला जातो. शिवण्यापूर्वी कापड भिजवून, वाळवून आटू द्या. पट्टे शिडाच्या मागच्या कडेला समांतर ठेवा, कारण वाऱ्याचा ताण त्याच कडेवर सर्वांत जास्त येतो आणि कापड तिरके ओढले गेले की तिथे झोळ पडतो. ओले शीड गुंडाळून ठेवले तर दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात. झाडाच्या सालीच्या तुरट काढ्यात बुडवलेले कापड जास्त दिवस तग धरते, रंग मात्र तांबूस होतो.

परभाण, म्हणजे शीड ज्या आडव्या काठीला बांधायचे ती, होडीइतकी लांब हवी. दोन भरीव बांबू घ्या, जाड बुंधे एकमेकांवर एक तृतीयांश लांबीपर्यंत चढवून सुंभाने सहा ठिकाणी आवळा. मधे ताठ आणि टोकांना लवचीक अशी ती होते आणि वाऱ्याचा झोत आला की टोक वाकून जादा वारा सोडून देते. डोलकाठी किंचित पुढे झुकलेली ठेवा, म्हणजे परभाण तिच्यावर न घासता मोकळे लोंबते. शीड चढवायच्या दोराला नायलॉन नको, तो ताणला जाऊन शीड खाली उतरत राहते. तिथे पॉलिएस्टर. नायलॉनचा तोच ताण नांगराच्या दोराला हवा असतो.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही चौघे २२ फुटी मचव्यातून अलिबाग ते दाभोळ चार दिवसांत जाणार आहोत. शिधा आणि पाणी किती घ्यावे? (वाचक, सदाशिव पेठ)

अंतर सुमारे ६५ सागरी मैल. दिवस योग्य निवडले आहेत. पहाटे जमिनीकडून मतलई वारा मिळतो, दुपारनंतर वायव्येकडून खारा. दक्षिणेला जाताना दोन्ही कामाचे. परतीला हाच दुपारचा वारा तोंडावर येतो, म्हणून परतीला दुप्पट दिवस धरा किंवा मचवा ट्रकने आणा.

आधी पाणी. माणशी रोज ४ लिटर, चौघांचे चार दिवसांचे ६४, आणि अडकून पडलात तर म्हणून निम्मे जास्त. म्हणजे ९६. वीस लिटरचे पाच कॅन घ्या, एक मोठी टाकी नको. टाकी फुटली किंवा पाणी खराब झाले की सगळेच गेले. शिवाय अर्ध्या भरलेल्या टाकीतले पाणी होडीबरोबर हिंदकळते. कॅन तळाशी, डोलकाठीच्या मागेपुढे, बांधून ठेवा. हे १०० किलो म्हणजे होडी स्थिर ठेवणारे वजनही झाले. जसे कॅन रिकामे होतील तशी होडी हलकी आणि डुलणारी होत जाईल, त्याचा अंदाज ठेवा. जास्त वजन लागले तर गोल गोटे घ्या. वाळूची पोती फाटतात आणि वाळू फासळ्यांखालच्या खाचा बुजवते.

शिधा सोळा माणूस-दिवसांचा : तांदूळ अडीच किलो, मूगडाळ १ किलो, पोहे दीड किलो, थालिपिठाची भाजणी दीड किलो, मटकी पाऊण किलो, शेंगदाणे, गूळ आणि खजूर १-१ किलो, कांदे-बटाटे ४ किलो, तेल १ लिटर, आमसुले, मेतकूट, लिंबे २०. पहिल्या दिवशी भाकरी, नंतरचे दोन दिवस दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या, म्हणजे समुद्र खवळला तरी चूल न पेटवता जेवण होते. मटकी ओल्या फडक्यात बांधून होडीतच मोड आणा. मोडांत क जीवनसत्त्व तयार होते, कोरड्या कडधान्यात ते जवळपास नसते. चार दिवसांत त्यावाचून काही बिघडणार नाही, पण ताजे काहीतरी खायला मिळणे मनाला फार बरे वाटते. पहिल्या दिवशी तळकट कमी आणि आल्याचा तुकडा खिशात.

पोहे आणि पीठ घट्ट झाकणाच्या डब्यांतच ठेवा, खारी हवा एका रात्रीत पोहे मऊ करते. कागदी लेबले गळून पडतात, डब्यावर तैलरंगाने लिहा. काडेपेट्या दोन, वेगवेगळ्या बाटल्यांत. भात शिजवताना खोल समुद्रातले एक भाग पाणी तीन भाग गोड्या पाण्यात चालते, मीठ घालावे लागत नाही. खाडीतले पाणी मात्र कधीही नाही. खिचडी कुकरमध्येच करा, झाकण बंद असल्याने होडी कलंडली तरी उकळते अन्न अंगावर सांडत नाही.

रात्री खाडीत नांगर टाकाल तेव्हा दोर त्या वेळच्या खोलीवर मोजू नका, भरतीच्या खोलीवर मोजा. ओहोटीला २ मीटर आणि भरतीची चढ ३ मीटर तर ५ मीटर, त्याच्या पाचपट २५ मीटर दोर, शिवाय नांगराशी ३ मीटर साखळी. दाभोळला पोचाल तो दिवस उधाणाचा (मोठ्या भरतीचा) की भांगाचा (लहान भरतीचा) हे पंचांगातली तिथी पाहून आधीच ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास प्रवाह जोरात असतो आणि ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वल्ही मारून आत जाता येत नाही. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि ते अंगात घातलेले.

स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर मचव्याच्या पोटात ठेवू नका. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर पाण्यासारखा तळाशी साठतो, उघड्या खिडकीनेही निघून जात नाही आणि सकाळी चहाची काडी ओढली की पेट घेतो. सिलिंडर वर, उघड्यावर, उभा बांधा, आणि प्रत्येक वेळी शेगडीचे बटण बंद करण्याआधी सिलिंडरची चावी बंद करा, म्हणजे नळीतला गॅस जळून संपतो.